ऑफ-रोड गाडीचा पुढचा गार्ड : कुठला, कुठे आणि कसा बसवायचा

नवी थार किंवा जिम्नी दारात उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "पुढे एक दणकट गार्ड बसवून घ्या, बंपर प्लॅस्टिकचा आहे." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. जाड पाइपाचा गार्ड समोर दिसला की गाडी भक्कम वाटते, हेही खरं. पण रस्त्यावरच्या धडकेत हाच पाइप आत बसलेल्यांची इजा वाढवू शकतो. आणि डोंगरात, ओढ्यात, घळीत गेल्यावर गाडीला जिथे मार बसतो ती जागा हा पाइप झाकतच नाही. ती जागा बंपरच्या खाली आणि थोडी मागे आहे. तिथे बसवायचा तो इंजिनखालचा पत्रा, म्हणजे स्किड प्लेट. माझ्या मते ऑफ-रोड गाडीच्या पुढच्या भागावर पैसे घालायचे असतील तर ते इथे घालावेत. त्याआधी पाइप का नको हे नीट समजून घेऊ, कारण गॅरेजमध्ये उभं असताना "सगळेच लावतात" या एका वाक्यापुढे बरेच जण नमतात.

प्लॅस्टिकच्या आड काय असतं

बाहेरून दिसणारा बंपर हा फक्त मुखवटा. त्याच्या आड धातूची एक आडवी तुळई असते. तिच्या दोन्ही टोकांना मागच्या बाजूला चौकोनी नळीसारखे दोन छोटे भाग असतात, त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. त्यांच्या मागे चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, दोन लांब रूळ सुरू होतात. क्रॅश बॉक्सचं काम एकच, चेंगरणं. हळू वेगाच्या धडकेत ते घडी घालत आत जातात, धक्क्यातली ऊर्जा खातात आणि मागच्या चासीला वाचवतात. वेग जास्त असेल तर चासीच्या पुढच्या टोकाचाही ठरवून ठेवलेला भाग दुमडतो. यात काहीही अपघाताने होत नाही. कुठला पत्रा किती जाडीचा, त्यावर खाचा कुठे, तो कुठून वाकायला सुरुवात करेल, हे सगळं आखलेलं असतं.

हे चेंगरणं इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांतून बघू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर जात असताना भिंतीवर आदळली. पुढचा भाग ६० सेंटिमीटर दुमडून केबिन थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी साधारण १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट, इतका झटका बसतो. तीच केबिन ३० सेंटिमीटरमध्ये थांबली तर झटका दुप्पट, सुमारे ३३ जी. ७० किलोच्या माणसाच्या छातीवर आणि कमरेवर सीटबेल्टमधून येणारा जोर पहिल्या वेळी साधारण साडेअकराशे किलोचा, दुसऱ्या वेळी तेवीसशेचा. पुढच्या भागाने दुमडण्यासाठी जितकं अंतर दिलं, तितकी आतली बरगडी वाचली.

आता पाइपचा गार्ड कुठे बसतो बघा. तो प्लॅस्टिकला टांगता येत नाही, म्हणून त्याचे जाड ब्रॅकेट थेट चासीच्या टोकांना बोल्टने आवळतात. म्हणजे धडक आधी पाइपला आणि तिथून क्रॅश बॉक्सला वळसा घालून सरळ चासीत. ताशी १०-१५ किलोमीटरच्या धक्क्यात एरवी बंपर, तुळई आणि क्रॅश बॉक्स बदलून काम भागलं असतं, तिथे चासीचा रूळ वाकू शकतो. वाकलेल्या चासीची गाडी पुन्हा पूर्वीसारखी सरळ धावेल याची खात्री कुणी देत नाही.

एअरबॅगचं गणित याहून नाजूक आहे. गाडीच्या पुढच्या भागात आणि केबिनच्या मध्यभागी धक्का मोजणारे सेन्सर असतात. धडक सुरू झाल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या कितीतरी आधी, संगणकाला ठरवायचं असतं की बॅग फोडायची की नाही. त्याला ओळखीचा असतो तो त्या मॉडेलचा, कंपनीने चाचण्यांत मोजलेला धक्का : आधी इतका हळू, मग इतका जोरात. पुढे लोखंड लावलं की धक्क्याचा आकारच बदलतो. बॅग उशिरा उघडू शकते, किंवा फुटायची गरज नसताना फुटू शकते. उशिरा उघडणारी बॅग पुढे झुकून आलेल्या चेहऱ्यावर उघडते, आणि ते फार वाईट असतं.

२०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने थारला ४ तारे दिले, २०२४ मध्ये भारत एनकॅपने थार रॉक्सला ५ तारे दिले. हे तारे गार्ड नसलेल्या गाडीचे आहेत. गार्ड लावलेल्या तुमच्या गाडीची ताशी ६४ किलोमीटरची धडक-चाचणी कुणीही घेतलेली नाही.

गाडीबाहेरच्या माणसाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात कमी विचारला जातो. नव्या गाड्यांचं बॉनेट आणि बंपर पादचाऱ्याला कमी इजा व्हावी अशा बेताने घडवलेलं असतं. त्यासाठी एआयएस-१०० हे मानक आहे, आणि त्यात डोक्याच्या व पायाच्या प्रतिकृती गाडीच्या पुढच्या भागावर आदळून बघतात. लोखंडी पाइप दबत नाही. मोठ्या माणसाची मांडी आणि कंबर, लहान मुलाची छाती आणि डोकं नेमकं त्या उंचीवर येतं. गावातून, बाजारातून, शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीला हे लावू नये असं मला मनापासून वाटतं. कायद्याने मनाई नसती तरीही मी हेच सांगितलं असतं.

मनाई तर आहेच. ७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार (असाच पुढचा लोखंडी गार्ड) लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा, म्हणजे कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करू नये, या तरतुदीचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, ते निराळंच.

ऑस्ट्रेलियात चालतं, मग इथे का नाही

हा प्रश्न रास्त आहे. बुल बार ही मुळात ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागाची गरज. तिथे संध्याकाळनंतर कांगारू अचानक रस्त्यावर येतात. मोठा नर लाल कांगारू ८०-८५ किलोचा भरतो. रेडिएटर फुटला तर पुढचं गाव शे-दोनशे किलोमीटर लांब, वाटेत पाणी नाही. तिथे पुढचा गार्ड हे घरी परतण्याचं साधन आहे. मेलबर्नची एआरबी ही कंपनी १९७५ पासून याच धंद्यात आहे.

पण तिथला चांगला बार आणि आपल्या नाक्यावर वाकवून मिळणारा पाइप यांच्यात मोठा फरक आहे. तिथे या गार्डसाठी एएस ४८७६ हे वेगळं मानक आहे. चांगले उत्पादक प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा बार बनवतात, आणि त्याचे ब्रॅकेटही ठरल्याप्रमाणे दुमडतील असे घडवतात, म्हणजे एअरबॅगला ओळखीचा धक्का मिळत राहतो. युरोपीय संघानेही २००५ मध्ये अशा गार्डसाठी पादचारी-सुरक्षेच्या चाचण्या लागू केल्या. बाजारात "एअरबॅग कंपॅटिबल" असं स्टिकर चिकटवलेला गार्ड कुणी दाखवला तर एकच विचारा : कुठल्या मॉडेलवर, कुठल्या चाचणी केंद्रात तपासला, कागद दाखवा. पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे, तिथे धडकेच्या चाचण्या होतात. कागद नसेल तर त्या स्टिकरला काही अर्थ नाही.

गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेत विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), पिंजरा आणि पुढे लोखंडी बंपर असलेल्या गाड्या दिसतात. त्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात, आत बसणारा हेल्मेट घालतो, आणि वाटेत पादचारी नसतात. सोमवारी ऑफिसला जाणाऱ्या गाडीने त्यांची नक्कल करू नये.

डोंगरात मार कुठे बसतो

सह्याद्रीतली वाट आठवा. पावसाने मुरूम वाहून गेलेला, मध्ये चर, चरात काळ्या पाषाणाचे धोंडे. कोकणात उतरलात तर जांभ्याच्या पायऱ्या. चाक धोंड्यावर चढतं आणि घसरतं, तेव्हा गाडी खाली बसते आणि दगड इंजिनच्या खालच्या भागाला लागतो. तिथे काय काय आहे? इंजिन ऑइलचा संप, ज्याला आपली गॅरेजं चेंबर म्हणतात. त्याच्या पुढे रेडिएटरची खालची कड. स्टिअरिंगचे दांडे. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, असेल तर पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल. त्यामागे गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी ट्रान्सफर केस. चेंबर फुटलं की काही मिनिटांत सगळं ऑइल जमिनीवर येतं. तेलाचा लाल दिवा दिसूनही इंजिन चालू ठेवलं तर बेअरिंग जातात, आणि इंजिन उघडावं लागतं.

समोरच्या चढाला गाडी किती कोनापर्यंत न घासता भिडू शकते त्याला अ‍ॅप्रोच अँगल म्हणतात. २०२० च्या थारचा तो ४१.८ अंश आहे, भारतातल्या जिम्नीचा ३६. पाइपचा गार्ड पुढे आणि खाली आला की हा कोन घटतो. म्हणजे गाडी वाचवायला लावलेली वस्तूच आधी जमिनीला लागते. शिवाय वजन. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर. पुढच्या चाकांच्या ८० सेंटिमीटर पुढे ५० किलोचा गार्ड टांगला, तर तरफेच्या हिशेबाने पुढच्या अ‍ॅक्सलवर ६६ किलो वाढतात आणि मागच्यावरून १६ किलो कमी होतात. पुढच्या स्प्रिंगा दबतात, चढावर मागची चाकं लवकर जागच्या जागी फिरू लागतात.

पत्रा कुठला घ्यावा

आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच फोर-बाय-फोर गाड्यांना कंपनीकडून काही पत्रे आलेले असतात, काहींना नुसतं चिखल अडवणारं पातळ प्लॅस्टिक असतं. त्या मॉडेलसाठी कंपनीची अधिकृत प्लेट मिळत असेल तर पहिली पसंती तिला : तिची भोकं जुळतात आणि वॉरंटीचा वाद होत नाही. बिल जपून ठेवा.

बाहेरची घ्यायची तर स्टील की अ‍ॅल्युमिनियम, हा प्रश्न येतो. ८० बाय ६० सेंटिमीटरची ४ मिलिमीटर स्टीलची प्लेट साधारण १५ किलो भरते, तेवढीच ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची ८ किलोच्या आत. अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे, गंजत नाही, पण मऊ असल्याने टोकदार दगड त्यात रुततो आणि गाडी सरकायच्या ऐवजी अडकते. स्टील दगडावरून घसरतं. वाकलं तरी मिस्त्री हातोड्याने सरळ करून देतो. आपल्या बेसाल्टवर मी स्टीलच्या बाजूने आहे. अ‍ॅल्युमिनियम घेतलंच तर स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वायसर घाला, नाहीतर दोन धातूंच्या मध्ये पावसाचं पाणी राहून अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं.

सपाट पत्र्यापेक्षा घड्या किंवा उठाव असलेला पत्रा घ्या. त्याच जाडीत तो कितीतरी ताठ राहतो.

बसवताना

कामाची जागा सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. गाडी जॅकवर उचला, पण खाली जाण्याआधी चासीखाली जॅक स्टँड लावलेच पाहिजेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, अगदी बोल्ट बघायलासुद्धा, जाऊ नये. सायलेन्सरचा पाइप थंड होऊ द्या.

प्लेट कशाला आवळायची, हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. उत्तर : चासीच्या आडव्या तुळयांना, कंपनीने ठेवलेल्या भोकांत. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. ते सतत हलतात, चासी हलत नाही. प्लेटचं एक टोक चासीला आणि दुसरं गिअरबॉक्सच्या बोल्टला आवळलं, तर पहिल्याच दगडाचा मार त्या ओतीव कवचावर जातो आणि ते तडकतं. चेंबरच्या बोल्टला, रेडिएटरच्या चौकटीला किंवा बंपरच्या ब्रॅकेटला टांगलेली प्लेट म्हणूनच नसलेली बरी.

चासीला नवं भोक पाडू देऊ नका आणि वेल्डिंग तर मुळीच नको. वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाची ताकद बदलते, आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय वेल्डिंगचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला घातक ठरू शकतो. फिटर म्हणाला, "दोन टाके मारून टाकतो," तर गाडी तिथून बाहेर काढा.

जुन्या भोकांच्या आट्यांमध्ये माती आणि रंग भरलेला असतो. तारेचा ब्रश मारा, गरज पडली तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, डोक्यावर तसं कोरलेलं असतं. चासीचा पोकळ रूळ आरपार आवळायचा असेल तर आत पोलादी नळीचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर आवळताना रूळच चेपतो. बोल्टचं डोकं प्लेटच्या खाचेत बुडलेलं हवं. बाहेर आलेलं डोकं पहिल्या दगडाने घासून जातं, आणि मग तो बोल्ट पान्ह्याने निघत नाही, कापावा लागतो.

प्लेट आणि चेंबर यांच्यात किमान १५ ते २० मिलिमीटर जागा ठेवा. प्लेट मार खाताना वर लवचते, आणि इंजिनही आपल्या रबरांवर खाली-वर होतं. जागा कमी असेल तर दगडाचा मार प्लेटमधून थेट चेंबरलाच पोचतो. तपासायला सोपं आहे : मऊ माती किंवा लांबीचे (पुट्टीचे) गोळे प्लेटवर ठेवून प्लेट चढवा, पुन्हा उतरवा आणि गोळे किती दबले ते बघा.

सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवून लावा. एक पूर्ण आवळला की बाकीची भोकं सरकतात, आणि मग हातोडा येतो. सगळे बसल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, आवळा. प्लेट बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम-८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम-१० ला ४५ ते ५०. आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टवर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

दोन प्लेट एकापाठोपाठ असतील तर त्यांची मांडणी महत्त्वाची. घरावरची कौलं जशी एकावर एक येतात तसं, पुढच्या प्लेटचं मागचं टोक मागच्या प्लेटच्या पुढच्या टोकाखालून यायला हवं. गाडी पुढे जाताना दगडाला अडकायला कड मिळत नाही. मागे घेताना अडकू नये म्हणून तेच टोक किंचित वर वळवलेलं असावं. सगळ्यात पुढची कड बंपरच्या ओठापर्यंत वर चढलेली हवी, पण बंपरच्या तुळईला किंवा क्रॅश बॉक्सला तिने कुठेही टेकू नये. वरचं चेंगरण्याचं गणित आपण इथे बिघडवायचं नाही.

गाडी खाली उतरवण्याआधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं लोंबकळत असताना आणि जमिनीवर टेकल्यावरही, कुठला दांडा, रबरी बूट किंवा वायर प्लेटला घासत नाही ना ते बघा. कंपनीचं प्लॅस्टिक फेकू नका. त्यातले काही तुकडे रेडिएटरमधून हवा वळवण्यासाठी असतात. प्लेटला हवेची भोकं असतील तर त्यांची तोंडं मागच्या दिशेला हवीत, म्हणजे गरम हवा बाहेर निघते आणि चिखल आत येत नाही. पहिल्या घाटात तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

अडकलेली गाडी ओढताना दोर प्लेटला किंवा पाइपच्या गार्डला कधीही बांधू नका. ताणलेल्या दोरासकट तुटलेला लोखंडी तुकडा माणसाचा जीव घेऊ शकतो. ओढायचं ते चासीच्या हुकालाच, आणि बघ्यांना दोराच्या दोन्ही बाजूंनी लांब उभं करून.

नंतरची देखभाल

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पहिल्या अवघड वाटेनंतर सगळ्या रेघा तपासा, सैल असेल तो पुन्हा आवळा. पावसाळी फेरीनंतर प्लेटच्या वर साचलेला चिखल पाण्याच्या जोराने काढा. ओल धरून राहिलेला चिखल चासीला गंजवतो. उन्हाळ्यात धोका वेगळा : उंच वाळक्या गवतातून गेलात की काड्या प्लेटवर साचतात आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. माळावरून बाहेर आल्यावर दोन मिनिटं थांबून हात घालून गवत काढा.

प्लेटमुळे एक गोष्ट लपते, ती म्हणजे गळती. आधी पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचा थेंब दिसायचा, आता तो प्लेटवर साचतो. म्हणून महिन्यातून एकदा डिपस्टिक ओढा आणि प्लेटच्या भोकांतून टॉर्च मारून बघा. ड्रेन बोल्टच्या खाली पुरेसं मोठं भोक असेल तर ऑइल बदलताना प्लेट उतरवावी लागत नाही, पण वर्षातून एकदा ती उतरवून वरची बाजू धुवाच. बोल्टांचा साइज, पान्ह्याचा नंबर आणि टॉर्कचा आकडा कागदावर लिहून सर्व्हिस बुकात चिकटवा. प्लेट पुन्हा चढवणारा मेकॅनिक दरवेळी वेगळा असेल, आणि त्याने अंदाजाने आवळलेला बोल्ट तुम्हाला घाटात उतरताना सापडायला नको.